त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांची, पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटी टेस्टिंग करते. नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बग बाउंटी, म्हणजे कंपन्यांच्या परवानगीनं त्यांच्या ॲपमधल्या त्रुटी (बग) शोधून कळवायच्या आणि बक्षीस घ्यायचं. काही महिन्यांपूर्वी एका ॲपमध्ये मला मोठी त्रुटी सापडली. दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड आपल्याला बदलता येत होता. रिपोर्ट दिला, मान्य झाला, बक्षीस मिळालं, दुरुस्ती झाल्यावर परवानगी घेऊन मी लेख लिहिला. दुसऱ्याच दिवशी या क्षेत्रातल्या एका सीनिअरनं एक्सवर लिहिलं की हा बग मुळात त्याचा, त्यानं एका ग्रुपवर त्याबद्दल सांगितलं होतं आणि मी तो ढापला. सुरुवातीला मी त्याच्याकडूनच शिकले होते. मी भडकून उत्तर दिलं, ‘दुसऱ्यांची टूल्स चालवून स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांनी शहाणपणा शिकवू नये.’

मग जे सुरू झालं ते थांबतच नाही. ‘हिला रिपोर्ट कोण लिहून देतं’ अशी मीम्स, माझे फोटो, एचआरला निनावी मेल. आता एका निनावी अकाउंटनं सांगलीच्या घरचा पत्ता आणि बाबांचा नंबर टाकलाय. घरी कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं येतात, रात्री दोनला फोन वाजतो. बाबा विचारतात, तू नक्की काय काम करतेस?

मी आणि एका मित्रानं त्या अकाउंटचा माग काढला. टोपणनाव, लिहायची ढब, ऑनलाइन असायच्या वेळा, सगळं त्या सीनिअरच्या एका चेल्याशी जुळतं. एका जुन्या डेटा गळतीत त्याचा ईमेल आणि पासवर्डही सापडला. मित्र म्हणतो, एकदा आत जाऊन पुरावा काढू आणि सगळ्यांसमोर टाकू. मी अजून हात लावलेला नाही. पोलिसांकडे गेले तर हसतील. पुढच्या महिन्यात एका कॉन्फरन्समध्ये माझं भाषण आहे, तो सीनिअरही तिथे असेल. जाऊ का? की हे क्षेत्रच सोडून देऊ?

— नाव छापू नये, पुणे

*

तो पासवर्ड वापरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी, कारण तुझा मित्र आज रात्री पुन्हा तोच विषय काढणार आणि तेव्हा तू चिडलेली असशील.

‘नुसतं चालतो का बघू’ हेसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ एकत्र वाचलीस तर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ‘मी पुरावा शोधत होते’ हे तू कोर्टात मांडशील, पण तोवर आरोपीच्या रकान्यात नाव तुझं असेल. आणि हे मी तुला काय सांगायचं? तू रोज क्लायंटची सही घेऊन, स्कोप, म्हणजे काय तपासायचं त्याची हद्द, ठरवून कामाला हात घालतेस. तो सहीचा कागद नसला तर त्याच कामाला काय म्हणतात ते तुला पक्कं ठाऊक आहे. शिवाय लॉगिनची नोंद राहते: वेळ, आयपी, ब्राउझर. आज तक्रारदार तू आहेस. ते एक लॉगिन झालं की तक्रारदार तो होईल, आणि तुझे खरेखुरे पुरावेही ‘हिनंच आत शिरून तयार केले’ या शंकेखाली येतील. मित्राच्या लॅपटॉपवर ती फाइल असेल तर ती आजच काढून टाकायला सांग. त्याला ही लढाई रंगतदार वाटत असेल. त्याच्या बाबांचा फोन रात्री दोनला वाजत नाही.

आता त्या ‘सगळं जुळतं’बद्दल. २०११ साली अमेरिकेत एचबीगॅरी फेडरल नावाची छोटी सुरक्षा कंपनी होती. तिचा प्रमुख ॲरन बार यानं टोपणनावं, ऑनलाइन असायच्या वेळा, कोण कोणाचा मित्र हे ताडून पाहून अनॉनिमस या हॅकर गटाचे म्होरके ओळखल्याचं फायनान्शियल टाइम्सला सांगितलं. म्हणजे तुम्ही दोघांनी केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्याच्याच प्रोग्रॅमरनं त्याला आधी बजावलं होतं की तुझा हिशेब संगतीवरून दोष ठरवण्याचा आहे. त्यानं ऐकलं नाही. अनॉनिमसवाले कंपनीच्या वेबसाइटमधल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (वेबसाइटच्या रकान्यातून डेटाबेसला आज्ञा देण्याच्या, फार जुन्या आणि ओळखीच्या) भोकातून आत शिरले, एकच पासवर्ड ठिकठिकाणी वापरलेला सापडला, आणि कंपनीच्या हजारो ईमेल चव्हाट्यावर आल्या. महिना संपायच्या आत बारनं राजीनामा दिला. सुरक्षा कंपनी एसक्यूएल इंजेक्शननं पडली यावर लोक अजून हसतात. मला त्यातला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: ओळख पटली याची खात्री माणसाला फार लवकर होते, आणि एकदा झाली की विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट ‘किरकोळ’ दिसायला लागते.

समजा तुझा अंदाज शंभर टक्के बरोबर आहे. तरी त्याचं नाव बाहेर टाकलंस तर उद्या त्याच्या आईच्या दारात पार्सलं जातील, तुझ्या बाजूच्या उत्साही मंडळींकडून. आणि अंदाज चुकला असेल तर कुणातरी तिसऱ्याच्याच. तुमचा शोध एका पानावर लिहून काढ, वर ‘संशय’ असा मथळा दे, आणि तो फक्त तक्रारीला जोड.

माझ्या मते तुझ्या पत्रात दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि तू ती एकाच दमात सांगितली आहेस. एक बगचं. दुसरं आईबाबांच्या दारातलं. पहिलं भांडण आहे आणि ते बोलून, कागद दाखवून मिटू शकतं. दुसरं गुन्हा आहे, आणि त्यावर त्या मंडळींशी एक शब्दही बोलायची गरज नाही. तुला त्रास देणाऱ्यांना ही दोन्ही एकत्रच हवी आहेत. म्हणजे तू पत्त्याबद्दल तक्रार केलीस की ते म्हणणार, ‘आधी चोरीचं उत्तर दे.’

आधी बग. एकच त्रुटी दोघांना स्वतंत्रपणे सापडणं ही आपल्या धंद्यात रोजची गोष्ट आहे. २०१४ मधली हार्टब्लीड ही ओपनएसएसएल या वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती, आणि मग गूगलचा नील मेहता आणि फिनलंडची कोडनॉमिकॉन ही कंपनी, दोघांना एकमेकांच्या नकळत साधारण एकाच सुमारास सापडली. २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेली मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी तर तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी शोधली होती. दोन्ही वेळा श्रेय वाटून दिलं गेलं. तेव्हा ‘मलाही तो सापडला होता’ हे त्या सीनिअरचं म्हणणं खोटंच असेल असं नाही. ‘म्हणून हिनं चोरला’ ही पुढची उडी मात्र त्याला सिद्ध करावी लागेल.

तुझ्याकडे रिपोर्ट दिल्याची तारीख-वेळ आहे, बर्प या तपासणीच्या टूलमधल्या तुझ्या फाइली असतील, टिपणं असतील. त्या बाउंटी कार्यक्रमाच्या चालकांना मेल लिहून विचार की माझ्या रिपोर्टआधी याच त्रुटीचा दुसरा रिपोर्ट आला होता का, आणि उत्तर जाहीर करायला तुमची हरकत आहे का. उत्तर आलं की एक पोस्ट. तारखा, चालकांचं उत्तर, संपलं. त्याखाली येणाऱ्या शेऱ्यांना उत्तर नाही.

पण एक प्रश्न तू पत्रात टाळला आहेस, म्हणून मी विचारते. त्या ग्रुपवर तू होतीस का? तिथे तो बोलला तेव्हा तू ते वाचलं होतंस का? नसशील तर तसं सरळ लिही. असशील, आणि तिथल्या एखाद्या वाक्यावरून तुला दिशा मिळाली असेल, तर लेखात एक ओळ घाल की कल्पना अमुक चर्चेतून सुचली, त्रुटी शोधणं आणि सिद्ध करणं माझं. याला चोरी म्हणत नाहीत. पण ती ओळ नसणं लोकांना खुपतं, आणि या क्षेत्रातली निम्मी वैरं अशाच न लिहिलेल्या ओळीतून सुरू झालेली मी पाहिली आहेत. पैशांवरून झालेली त्या मानानं कमी.

आणि ते तुझं ‘टूल्स चालवून स्क्रीनशॉट टाकणारे’. खटकेबाज आहे, मलाही क्षणभर हसू आलं. पण त्यानं बगबद्दल केलेल्या आरोपाला तू त्याच्या लायकीबद्दल उत्तर दिलंस, आणि मग मंडळींना बगवर बोलायची गरजच उरली नाही. ते वाक्य डिलीट करू नकोस, तपासात तू काही लपवलंस असं दिसायला नको. त्याखाली लिही की हे मी रागाच्या भरात लिहिलं, मागे घेते, बगबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. यानं तू हरत नाहीस. आईबाबांच्या दारात पार्सलं पाठवण्याचं समर्थन त्या वाक्यानं होत नाही, कुणालाही करू देऊ नकोस.

त्या सीनिअरशी बोलावं का? हो, पण तक्रार नोंदवल्यानंतर, आणि मध्ये कुणीतरी ठेवून. यावर एक खरी घडलेली गोष्ट सांगते. २००८ साली डॅन कमिन्स्की या सुरक्षा संशोधकाला डीएनएसमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत, अशी त्रुटी सापडली की तिच्या जोरावर कुणालाही बँकेच्या खऱ्या पत्त्यावरून भलत्याच साइटवर नेता येईल. त्यानं सगळ्या मोठ्या कंपन्यांना गुपचूप एकत्र आणलं आणि ८ जुलैला एकाच दिवशी दुरुस्त्या बाहेर पडल्या. तपशील मात्र तो सांगेना. ऑगस्टमधल्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेपर्यंत थांबा, तोवर लोकांना सिस्टीम दुरुस्त करू द्या, असं त्याचं म्हणणं. झालं! ‘जुनंच काहीतरी नवं म्हणून विकतोय’, ‘प्रसिद्धीसाठी चाललंय’. शंका घेणाऱ्यांत थॉमस प्टाचेक आणि डिनो डाय झोवी हे दोन वजनदार संशोधक होते. मग दोन्हीकडच्या ओळखीच्या एकानं मध्यस्थी करून तिघांना फोनवर आणलं. कमिन्स्कीनं त्यांना सगळा तपशील सांगितला. फोन ठेवल्यावर दोघांनीही जाहीर लिहिलं की आमचं चुकलं, हे खरंच गंभीर आहे.

पुढे दोन आठवड्यांतच तपशील फुटला. दुसऱ्या एका संशोधकानं अंदाज बांधला, आणि प्टाचेकच्या कंपनीनं तयार करून ठेवलेला मजकूर चुकून प्रसिद्ध झाला. प्टाचेकनं जाहीर माफी मागितली. म्हणजे फोन केला की सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याशी फोनवर बोललो आहोत त्याच्याबद्दल माणूस वेगळ्या भाषेत लिहितो, एवढं त्या प्रकरणात दिसतं.

त्याच कमिन्स्कीच्या वाट्याला वर्षभरानं दुसरा प्रकार आला. २००९ च्या ब्लॅक हॅटच्या तोंडावर एका टोळक्यानं त्याच्या सर्व्हरमध्ये शिरून त्याचे खासगी मेल, गप्पा आणि पासवर्ड आपल्या ऑनलाइन अंकात छापले. केविन मिटनिकसह आणखी काही नावाजलेल्या लोकांचीही तीच गत केली. आव असा की ही मंडळी दिखाऊ आहेत, आम्ही त्यांचा बुरखा फाडतोय. पासवर्ड कच्चे होते हे मान्य. पण माणसाच्या खासगी गप्पा छापून डीएनएसबद्दल कुणाच्या ज्ञानात काय भर पडली? तुझा मित्र तुला जे करायला सांगतोय ते याच जातीचं आहे, म्हणून ही दुसरी गोष्ट सांगितली.

तर तुम्हा दोघांना मान्य असेल असा एक माणूस शोध. आपलं वर्तुळ लहान आहे. पुण्या-मुंबईच्या बैठका, बंगळुरू, आणि वर्षातून एकदा गोव्यात २०१० पासून भरणारी नलकॉन ही सुरक्षा परिषद. फिरून फिरून माणसं तीच. त्या फोनवर फक्त बगबद्दल बोल, तारखांसकट. शेवटी एकच मागणं: ‘सर, माझ्या आईबाबांना त्रास देणं थांबवा असं तुम्ही तुमच्या नावानं जाहीर लिहा.’ पत्ता त्यानं टाकला असा आरोप करू नकोस. त्यानं लिहिलं तर चेल्यांपैकी निम्मे तरी गप्प बसतील. नाही लिहिलं तर तुला काय समजायचं ते समजेल, आणि तसं मागणं केल्याची नोंद मध्यस्थाकडे राहील.

आता सांगली. ब्रायन क्रेब्ज हा अमेरिकेतला पत्रकार कार्डचोरांच्या टोळ्यांवर लिहितो. २०१३ च्या मार्चमध्ये कुणीतरी त्याच्या नावानं पोलिसांना खोटा फोन केला आणि घर आवरत असलेल्या या माणसाला दार उघडताच समोर रोखलेल्या बंदुका दिसल्या. हातकड्याही पडल्या. पण असं होऊ शकतं, हे त्यानं काही महिने आधीच स्थानिक पोलिसांना कळवून ठेवलं होतं, त्यामुळे प्रकरण लवकर निवळलं. त्याच वर्षी जुलैत एका युक्रेनियन गुन्हेगारानं वर्गणी काढून त्याच्या घरी हेरॉइन पाठवलं. बेत असा की पाकीट पोचलं की पोलिसांना टीप द्यायची. क्रेब्जला तो बेत आधीच कळला होता. त्यानं पाकीट यायच्या आत पोलिसांना सांगितलं. पाठवणारा पुढे इटलीत पकडला गेला, अमेरिकेत नेला गेला आणि २०१७ मध्ये त्याला, हेरॉइनसाठी नव्हे पण त्याच्या सायबर घोटाळ्यांसाठी, ४१ महिन्यांची शिक्षा झाली. तुझं प्रकरण एवढं टोकाचं नाही. पण दोन्ही वेळा क्रेब्जला कामी आलं ते एकच: पोलिसांकडे त्याचं म्हणणं आधी पोचलेलं होतं.

म्हणून बाबांना सांगलीच्या पोलीस ठाण्यात पाठव. तू सोबत जा. साध्या मराठीत दोन पानांचा अर्ज: अमुक तारखेपासून न मागवलेली पार्सलं येतात, रात्री अनोळखी नंबरांवरून फोन येतात, आमचा पत्ता व मोबाइल क्रमांक अमुक अकाउंटनं प्रसिद्ध केला आहे, उद्या आमच्याबद्दल खोटी खबर कुणी दिली तर हे लक्षात असावं. ‘डॉक्सिंग’, ‘थ्रेट ॲक्टर’ असले शब्द नकोत. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची, ती घरात दाराजवळच्या कपाटात.

पार्सल आलं की नाकारायचं, पण आधी लेबलचा फोटो. ऑर्डर नंबर, ट्रॅकिंग नंबर, विक्रेता, तारीख. ती ऑर्डर कोणत्या खात्यावरून, कोणत्या मोबाइलवरून झाली हे त्या कंपनीकडे असतं आणि पोलीस ते मागवू शकतात. निनावी अकाउंटपेक्षा हा धागा पक्का आहे, आणि तो तुमच्या दारात आयता चालत येतोय. डिलिव्हरीच्या पोरावर बाबांनी चिडू नये, त्याचा यात काही संबंध नाही.

बाबांचा नंबर बदलू नका. बँक, गॅस, आधार, सगळं त्याला जोडलेलं असणार. अनोळखी नंबर आवाज न करता येऊ देण्याची सोय फोनमध्ये आहे ती चालू कर, रात्री फक्त घरच्यांचे फोन वाजतील असं कर, त्यांच्या व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन लाव. पत्ता मिळाला कुठून? मतदार यादी उघड असते, सातबारावरचं नाव कुणीही पाहू शकतो. तिथे तुझा इलाज नाही. पण कॉलेजात असताना घरच्या पत्त्यावर डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं होतंस का? गावचा पत्ता आणि बाबांचा नंबर असलेला जुना रेझ्युमे कुठल्या नोकरीच्या साइटवर पडून आहे का? ते आधी शोध. दुसऱ्यांबद्दल जी माहिती तू तासाभरात काढतेस ती एकदा स्वतःबद्दल काढ.

पुण्यात तुझी तक्रार वेगळी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदव आणि तो क्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नकोस. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे. बाईनं नको म्हटल्यावरही पुनःपुन्हा संपर्क साधणं आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, दोन्ही त्यात येतं. धमक्यांसाठी ३५१, आणि ओळख लपवून दिलेल्या धमकीला त्यातच जास्तीची शिक्षा. कुणी कलम ६६-अ लावू म्हणालं तर नम्रपणे सांग की ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, तेव्हा निरीक्षकांनाच भेट. हद्दीचं कारण सांगून कुठलंही ठाणं तुला परत पाठवू शकत नाही. नोंदच घेईनात तर वरिष्ठांना लेखी पाठवायची तरतूद आहे. हसतील म्हणतेस, हसू देत. पोच घेऊनच बाहेर ये.

पुराव्याच्या बाबतीत तू बहुतेक तक्रारदारांच्या कितीतरी पुढे आहेस. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, लिहावी लागते, कोणत्या पद्धतीनं काढली त्यासह. हॅश काढणं हे तुझं रोजचं काम. नुसते स्क्रीनशॉट नकोत: पूर्ण पानाची प्रत, लिंक, तारीख-वेळ, आणि अकाउंटचा न बदलणारा आकडी आयडी, कारण नाव ते उद्या बदलतील. मेलचे पूर्ण हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद. सगळं एका फोल्डरमध्ये, फाइलींची यादी हॅशसकट. मात्र हे रोज तू स्वतः बघत बसू नकोस. बहिणीला किंवा एखाद्या शांत डोक्याच्या मैत्रिणीला तुझ्या नावाचे उल्लेख गोळा करायला सांग. या कामाला तो मित्र नको.

आणि गोळा करताना अकाउंटांचा इतिहास बघायला सांग. २०२२ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एकट्या सांभाळणाऱ्याला काही अकाउंटांनी टोमणे मारून हैराण केलं: तुझ्यामुळे काम रखडलंय, दुसऱ्याला दे. मानसिक त्रासातून जात असल्याचं त्यानं लिहिलंही होतं. शेवटी त्यानं ‘मदतीला’ आलेल्या एकाला अधिकार दिले आणि त्या मदतनिसानं २०२४ मध्ये त्यात चोरदार बसवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरच्या चिकाटीमुळे ते पकडलं गेलं. ती टोमणे मारणारी अकाउंटं एरवी कुठेच दिसली नव्हती. तुझ्याभोवतीच्या झुंडीतही खरी माणसं किती आणि एकाच माणसाची सोंगं किती, हे बघण्यासारखं आहे. सगळं क्षेत्र आपल्यावर उलटलंय असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही.

एचआरकडे पुढचा मेल जायच्या आत तू स्वतः मॅनेजरला भेट. एक पान दे: काय घडलं, तक्रार क्रमांक, बगच्या तारखा. ‘निनावी मेल आल्यास डिलीट न करता मला द्यावेत’ एवढीच विनंती. निनावी मेल पहिल्यांदा वाचणाऱ्याला आधीपासून संदर्भ माहीत असला की त्या मेलची अर्धी हवा जाते.

बाबांना मात्र तू अजून नीट उत्तर दिलेलं नाहीस, असं पत्रावरून वाटतं. त्यांना सांग की ॲपवाल्यांच्या परवानगीनं मी त्यांच्या कुलपांची परीक्षा घेते, कुलूप उघडलं तर त्यांना कळवते, ते पैसे देतात. बक्षिसाचा मेल दाखव. शेजारच्यांनी विचारलं तर त्यांना काय सांगायचं हेही ठरवून दे. गावात त्यांना तोंड द्यावं लागतंय, तुला नाही. रात्रीची झोप उडाली असेल, त्यांची किंवा तुझी, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

क्षेत्र सोडण्याबद्दल आत्ता मी काहीच सांगणार नाही. तक्रार होऊ दे, फोन थांबू देत, मग कामाचा कंटाळा आलाय की माणसांचा, ते तुझं तुला कळेल. माणसांचा आला असेल तर बाउंटी बंद कर आणि नोकरी चालू ठेव. उत्तम काम करणारे कितीतरी लोक एक्सवर नाहीत, आणि त्यांची नावं तुला माहीत नसतात ती त्यामुळेच.

कॉन्फरन्सला जा. आयोजकांना आजच लिही: तक्रार क्रमांक, कोणत्या अकाउंटांकडून त्रास आहे, आणि तुमच्या आचारसंहितेखाली दाद कुणाकडे मागायची त्या व्यक्तीचं नाव व नंबर. बहुतेक मोठ्या परिषदांत आता अशी माणसं नेमलेली असतात, पण ऐन वेळी ती शोधत फिरायची वेळ येऊ नये. सीनिअरला येऊ देऊ नका अशी मागणी करू नकोस. पत्ता टाकल्याचा पुरावा त्याच्याविरुद्ध तुझ्याकडे नाही. मैत्रीण सोबत ने. हॉटेलचं नाव, गाडीचा फोटो, ‘पोचले’ची पोस्ट, काही टाकू नकोस, टाकायचंच तर परत आल्यावर टाक. प्रश्न चिठ्ठीवर घ्यायला सूत्रसंचालकाला सांग. भाषणात त्या बगचा विषय असेल तर तारखांची एक स्लाइड शेवटी जोडून ठेव आणि कुणी विचारल्याशिवाय उघडू नकोस. त्यानंच हात वर केला तर उघड, वाचून दाखव आणि पुढची चिठ्ठी घे.